रस्त्याकडचा मूग

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं शेत आहे, आणि त्याला लागून अक्कांचं. मध्ये एक बांध. बांधावर दोन निंब आणि एक बोर. अक्कांची चार एकर जमीन आमच्यापेक्षा चांगली, काळी आणि खोल. तिची एक अरुंद बाजू रस्त्याला लागते आणि बाकीची आत ओढ्यापर्यंत उतरत जाते. आत काय पेरलंय ते रस्त्यावरून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते या उतारामुळेच जमलं.

अक्कांचे यजमान म्हणजे आबा. माझ्या वडिलांच्या वयाचे, कमी बोलणारे. सगळा गाव कपाशीमागे कपाशी घ्यायला लागला तेव्हाही आबांनी आपली रीत सोडली नाही. एक वर्ष कपाशी. पुढच्या वर्षी पावसाळ्यात मूग, आणि मूग निघाला की त्याच ओलीवर हरभरा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा कपाशी, आणि तीत मधूनमधून तुरीच्या ओळी. मुगाच्या शेंगा तोडून झाल्या की उरलेली झाडं ते उपटत नसत, तिथेच नांगराखाली घालत. लोक म्हणत, म्हातारा एवढा चारा मातीत घालतो.

मी तिशीत असताना एकदा त्यांच्या बांधावर बसलो होतो. आबांनी मुगाचं एक झाड खुरप्याने मुळासकट उचललं, माती झटकली आणि माझ्यापुढे धरलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी होत्या. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी.

"ही जिती शे," ते म्हणाले. "हवामाईन खत लेस आनि जिमीनले देस. पन झाड उपडं तं काय देई?"

म्हणजे ही गाठ जिवंत आहे, हवेतून खत घेते आणि जमिनीला देते, पण झाडच उपटून नेलं तर काय देणार. मी मान हलवली. तेव्हा माझे दोन तरणे बैल होते, स्वतःची आठ एकर होती, आणि युरियाची गोणी टाकली की आठवड्यात पीक हिरवं होताना मी डोळ्यांनी बघत होतो. आबांचं बोलणं मला खोटं वाटलं नाही, पण जुनं वाटलं.

आबा गेले. अक्का वर्षभर एकट्या राहिल्या, मग मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. मुलगा नव्हता. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का गावी आल्या आणि त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. शेत नफ्याने द्यायचं ठरलं होतं. ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याचं शेत काही वर्षं कसायचं, त्याला आमच्याकडे नफ्याने घेणं म्हणतात. बांधाला बांध लागून असल्याने त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारलं. तीन वर्षांचा बोल झाला. अक्कांनी जास्त काही मागितलं नाही, फक्त एक अट घातली, मधल्या वर्षी बठ्ठ्या म्हणजे सगळ्या शेतात मूग.

"तीन सालमा मधलं साल कपाशी लावू नको. बठ्ठा वावरमा मूग पेरजो, मंग हरभरा. शेंगा तोडीसन पाला तठेच गाडजो. उपडू नको रे भाऊ."

"हो अक्का," मी म्हणालो. "आबासनी करं तसंच करसू."

कागद केला नाही. त्यांनी चहा केला, तो मी प्यायलो.

पहिल्या वर्षी त्या शेतात कपाशी अशी आली की रस्त्याने जाणारे थांबून बघत. पानं रुंद, काळपट हिरवी, झाडं माझ्या छातीपर्यंत. युरिया मी माझ्या शेतापेक्षा कमीच टाकला होता, कारण गरजच दिसेना. शेणखत मात्र एक गाडीही नेलं नाही. घरचं सगळं शेणखत माझ्या आठ एकरात गेलं. कापूस भरपूर निघाला. मी चारचौघांत माझ्या मेहनतीच्या गोष्टी सांगितल्या, वेळेवर केलेल्या निंदणीच्या, फवारणीच्या. आबांनी त्या मातीत वर्षानुवर्षं जे घालून ठेवलं होतं ते मी त्या हंगामात उचलत होतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसरं वर्ष मुगाचं होतं. मी बियाणंही आणलं. पण मृग लागला, सगळीकडे कपाशीची गडबड सुरू झाली, आणि मागच्या वर्षीची छातीएवढी झाडं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मुगाला तेवढं मोल नाही हे सगळ्यांनाच ठाऊक. मी दोन दिवस घोळत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडच्या एका एकरात मूग पेरला आणि आतल्या तीन एकरांत कपाशी लावली.

बायको टोचण करायला बरोबर होती. तिने पाटी खाली ठेवली.

"अक्कानी काय सांगेल व्हतं तुम्हले?"

"पेरेल शे ना मूग," मी म्हणालो.

"इतलासाच?"

मी पुढच्या ओळीला लागलो. ती पुन्हा वाकून बी टोचू लागली.

गावातल्यांना दिसत होतं. पण दुसऱ्याच्या व्यवहारात कोण तोंड घालतं? त्यातून निम्मा गाव हेच करत होता. दुसऱ्याचं शेत दोन-तीन वर्षांसाठी घेतलं की त्यातून जेवढं निघेल तेवढं काढायचं. जमीन सुधारायची आणि फळ पुढच्याने खायचं, एवढं कोणाचं मन मोठं नव्हतं. माझं तर नव्हतंच.

श्रावणात अक्कांचा फोन आला. पारोळ्याला नात्यातल्या कोणाच्या साखरपुड्याला त्या बसने चालल्या होत्या. आवाजातच हसू होतं.

"मूग दिसी गया रे भाऊ! बसनी खिडकीमाईन दखा मी. कितला हिरवागार शे!"

"हो अक्का. मस्त शे."

"आबा आज राहतात तं खूश व्हतात. देव तुन्हं भलं करो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिलो. तेव्हा वाटलं होतं की निदान जे एक एकर पेरलं आहे तिथे तरी अक्कांनी सांगितलं तसं करायचं. शेंगा तोडायच्या आणि झाडं गाडायची. तेही झालं नाही. पोळ्याच्या सुमारास शेंगा तोडून झाल्या आणि चाऱ्याची ओढ लागली. घरी दोन म्हशी होत्या, त्यातली एक नुकती व्यायलेली. मजूर लावून मी मुगाचं झाड अन् झाड मुळासकट उपटलं आणि पेंढ्या बांधून घरी नेलं. मुळांवरच्या गाठी गोठ्यासमोरच्या फरशीवर गळून पडल्या. बायकोने त्या झाडूने लोटल्या.

ती म्हणाली, "हे तरी नको व्हतं."

हरभऱ्याऐवजी मी तिथे दादर पेरली. ज्वारीचा कडबा हवा होता.

तिसऱ्या वर्षी चारही एकरांत पुन्हा कपाशी. आतल्या तीन एकरांत सलग तिसरी. उगवण बरी झाली, पण महिनाभरात झाडांनी वाढ धरली नाही. पानं फिकी पडली. मी युरिया टाकला, झाडं आठ-दहा दिवस हिरवी दिसली आणि पुन्हा फिकी झाली. पुन्हा टाकला. मग पावसाची झड लागली, आठवडाभर थांबली नाही. टाकलेलं सगळं पाण्याबरोबर खाली गेलं. बोंडं धरायच्या वेळेला पानं लाल झाली. आमच्याकडे त्याला लाल्या म्हणतात. आत ओढ्याकडे तर सगळं वावर भाजल्यासारखं दिसत होतं. रस्त्याकडचा एकरही काही वेगळा नव्हता. मूग पेरून उपटून नेला तर फरक पडणार कुठून?

एक गोष्ट खरी आहे आणि ती मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिली आहे. त्या वर्षी पावसाने सगळ्यांचंच नुकसान केलं होतं. पण माझ्याच आठ एकरात, जिथे शेणखत पडत होतं, एवढं वाईट झालं नव्हतं. आणि बांधाच्या दोन्ही बाजूंवर पाऊस सारखाच पडला होता.

आखाजीच्या आधी मुदत संपली. अक्का मुलीला घेऊन शेत ताब्यात घ्यायला आल्या. कपाशीच्या पऱ्हाट्या काढून मी वखर मारून ठेवला होता, पण ढेकळं फुटली नव्हती. आबांच्या वेळी उन्हाळ्यात त्या जमिनीत पाय टाकला की माती घोट्याभोवती मऊ लागायची. अक्का चपला काढून आत चालल्या, थोड्या अंतरावर थांबल्या आणि वाकून एक ढेकूळ उचललं. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. फुटलं नाही. त्यांनी ते परत जागेवर ठेवलं, फेकलं नाही.

"मूग बठ्ठा वावरमा पेरेल व्हता ना रे भाऊ?"

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मुलगी बांधावर बोरीच्या सावलीत होती, तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. माझी बायकोही नव्हती. मी एकटा आणि अक्का. खरं सांगायला याहून सोपी जागा मला कधी मिळणार नव्हती.

"हो अक्का," मी म्हणालो. "बठ्ठा."

"पाला गाडेल व्हता?"

"गाडेल व्हता ना."

"मंग जिमीन अशी कशी व्हयनी?"

"पाऊस जास्त व्हयना अक्का."

त्या ओढ्याकडे वळून बघू लागल्या. मला वाटलं आता चिडतील, दोन शब्द बोलतील. त्या चिडल्या नाहीत.

"म्हनजे आबासनं खरं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "एक पावसामा गयं तं मंग काय उपेग? मी उगाच तुले अट घाली. तुन्हं एक साल वाया गयं मन्हामुळे."

त्या माझी माफी मागत होत्या. मी "नही अक्का, असू द्या" असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पदराने हात पुसले आणि त्या बांधाकडे चालू लागल्या.

त्यानंतर शेताचा व्यवहार त्यांच्या जावयाने हातात घेतला. त्याने ते पलीकडच्या गावातल्या एकाला पाच वर्षांसाठी दिलं, स्टॅम्पपेपरवर लिहून. कशाचीच अट नाही. मला परत विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बांधापलीकडे दरवर्षी कपाशी लागत राहिली.

माझ्या स्वतःच्या शेतात मी हळूहळू बदल केला. पश्चात्तापाने केला असं म्हटलं तर ते ऐकायला बरं वाटेल, पण सुरुवात भीतीने झाली. मातीचा नमुना तपासायला दिला होता, आणि माझ्याही एका तुकड्यात नत्र फार कमी निघालं. गावातल्या कृषी सहायकाने तो कागद माझ्यापुढे वाचला. तरुण माणूस, बोलायला स्पष्ट. तो म्हणाला, "भाऊ, मूग-हरभऱ्याची मुळं हवेतलं नत्र धरतात हे खरं, पण त्यातलं बरंचसं दाण्यात जातं आणि तुम्ही ते बाजारात नेता. जमिनीला मिळतं ते पाल्यातून आणि मुळांतून. तेही एका वर्षात ढीगभर नाही. हे सारखं करत राहावं लागतं." आबांनी एवढं लांबवून सांगितलं नव्हतं. बाकी अर्थ तोच.

दोन एकर मूग, मग हरभरा, पुढच्या वर्षी दुसरे दोन एकर, असं मी करत गेलो. म्हशींसाठी वेगळा चारा लावला. वर्षं गेली. अक्कांचा विषय घरात निघत नसे. बायको काढत नव्हती, आणि मला वाटायचं की जे झालं ते एका शेतापुरतं झालं, आणि शेत आज ना उद्या सुधारेल.

ते शेतापुरतं नव्हतं, हे मला पारोळ्याच्या बाजारात कळलं. कापूस घेऊन गेलो होतो, तिथे अक्कांचा जावई भेटला. सहज बोलता बोलता मी म्हणालो, "तुमच्या त्या माणसाला सांगा, एखाद्या वर्षी मूग-हरभरा घे म्हणावं. जमीन थकली आहे."

जावई हसला. "अहो, सासूबाई स्वतःच सांगतात, मूग पेरून काही होत नाही, आम्ही करून पाहिलं. शिंदखेड्याकडे त्यांचे भाऊ आहेत ना, त्यांनाही त्यांनी सांगितलं, कशाला एक हंगाम घालवता, आमच्या चार एकरात मूग गाडूनसुद्धा जमीन दगड झाली. आता तेही कपाशीच लावतात."

मी गाडीच्या दांडीला धरून उभा होतो. माझं एक "बठ्ठा" शिंदखेड्यापर्यंत गेलं होतं. मी न पाहिलेल्या एका माणसाने माझ्या शब्दावरून आपल्या शेतातला मूग बंद केला होता.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग जा. आजच जा."

त्या दिवशी नाही, पण तिसऱ्या दिवशी गेलो. धुळ्यात त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. अक्का खाटेवर बसून शेवया वाळत घातलेल्या ताटावरच्या माश्या वारत होत्या. गुडघे गेले होते, जिना उतरणं बंद झालं होतं. मला बघून आनंदल्या. गावातल्या सगळ्यांची चौकशी केली. मी सगळी उत्तरं दिली, आणि मग बोललो. एक एकर मूग, तीन एकर कपाशी. उपटलेली झाडं. म्हशी. दादर. वखरलेल्या शेतात त्यांना दिलेलं उत्तर.

अक्का ऐकत होत्या. मध्येच त्यांनी एकदा विचारलं, "रस्ताकडनाच?" मी हो म्हणालो. सांगून झाल्यावर मी खाली बघत बसलो. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

"आयकं का वं? तुन्हा बाप खरं सांगे!"

मुलगी ओले हात घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"बठ्ठा मूग पेराच नही याने. जितला पेरा तो उपडी लयना. म्हनीसन जिमीन गयी. तुन्हा बाप खरंच सांगे." अक्कांचा चेहरा फुलला होता. खरंच फुलला होता. माझ्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. मग त्या हाताने गादीची चादर सारखी करू लागल्या. "चार साल," त्या म्हणाल्या. "चार साल माले वाटनं, त्यासले काही समजत नव्हतं. मी त्यासना फोटोसमोर बोलनू बी तसं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने चहा विचारला नाही.

अक्कांनी तिथेच भावाला फोन लावायला सांगितला. तिकडून मोठ्याने बोलण्याचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, "चूक मन्ही नही, माले खोटं सांगेल व्हतं." पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला कळलं नाही. त्याने मूग पुन्हा सुरू केला की नाही, तेही मी आजपर्यंत विचारू शकलेलो नाही.

मी जावयाला म्हटलं, शेत मला द्या, दोन-तीन वर्षं मी मूग-हरभराच घेतो, नफ्याची ठरेल ती रक्कम पूर्ण देतो. तो म्हणाला, लिहून दिलेलं आहे, एक वर्ष बाकी आहे. ते वर्ष संपल्यावर मी पुन्हा गेलो. त्याने दिलं, पण एकाच वर्षासाठी. रस्त्याकडच्या जमिनीला आता मागणी येते, पुढचं तो आत्ता सांगू शकत नव्हता.

गेल्या पावसाळ्यात चारही एकरांत मूग पेरला, अगदी ओढ्यापर्यंत. आधी शेणखत नेलं. मूग आबांच्या वेळेसारखा आला नाही, बेताचाच आला. शेंगा तोडल्या आणि सगळी झाडं नांगराखाली घातली. बायकोने मोबाइलवर फोटो काढले, बांधावरून, ओढ्याकडून, नांगर चालू असताना. ते मी अक्कांच्या मुलीला पाठवले.

संध्याकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, "आईला दाखवले. ती म्हणते, फोटो काय, कोन्हाबी वावरना राहतस." मग ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. पण त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्या जिना उतरू शकत नाहीत, शेतापर्यंत येऊ शकत नाहीत, आणि शेत बघायला त्यांच्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही.

हरभरा पेरला, काढला. परवा वखर मारला. ढेकळं अजून मोठीच निघतात. कृषी सहायक म्हणाला, अजून तीन-चार वर्षं असंच केलं तर फरक दिसेल. मुदत या आखाजीला संपते. जावयाला दोनदा फोन केला, तो म्हणतो बघू. पुढच्या वर्षी ते शेत कोणाकडे जाईल आणि तो त्यात काय पेरेल, ते मला माहीत नाही.